थेंबातील विषाचे नाव कसे कळते? दिल्लीतील बाटलीबंद पाणी आणि वायू वर्णलेखनाची कसोटी

फेब्रुवारी २००३ मध्ये नवी दिल्लीतील विज्ञान आणि पर्यावरण केंद्र अर्थात सीएसई या संस्थेने आपल्या प्रदूषण तपासणी प्रयोगशाळेचा एक अहवाल प्रसिद्ध केला. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्याच्या १७ ब्रँडचे ३४ नमुने तपासण्यात आले होते. मुंबई परिसरातील १३ ब्रँडचीही तपासणी झाली होती. शुद्ध म्हणून विकत घेतल्या जाणाऱ्या या पाण्याच्या बहुतेक नमुन्यांत लिंडेन, डीडीटी, मॅलेथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे संस्थेने जाहीर केले. सहा महिन्यांनी, ५ ऑगस्ट २००३ रोजी, याच प्रयोगशाळेने दिल्लीत विकल्या जाणाऱ्या शीतपेयांच्या १२ ब्रँडविषयी तसाच अहवाल मांडला आणि देशभर खळबळ उडाली.

या वादात उद्योग, शासन, संसद आणि न्यायालये असे सर्वच पक्ष ओढले गेले. त्याच्या मुळाशी मात्र एक तांत्रिक प्रश्न होता. रंग, वास आणि चव यांपैकी काहीही न बदलणारा, लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढाच असलेला पदार्थ नेमका कोणता, हे कसे ठरवायचे? या प्रश्नाचे उत्तर गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजेच वायू वर्णलेखन, या पद्धतीत आहे. तिची ताकद आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी दिल्लीतील या प्रकरणात प्रकर्षाने समोर आल्या.

किती सूक्ष्म प्रमाण?

संस्थेने तुलनेसाठी युरोपातील पिण्याच्या पाण्याचे निकष वापरले होते. त्यानुसार कोणत्याही एका कीटकनाशकाचे प्रमाण लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा आणि सर्व कीटकनाशकांचे एकत्रित प्रमाण ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ०.१ मायक्रोग्रॅम म्हणजे एक कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. दहा हजार लिटर क्षमतेचे एक हजार टँकर भरून घ्यावेत आणि त्या सर्व पाण्यात मिळून चिमूटभर पूड विरघळवावी, एवढे हे प्रमाण आहे.

शीतपेयांच्या पहिल्या अहवालात एका कंपनीच्या पेयांमध्ये सरासरी लिटरमागे १८ मायक्रोग्रॅम, तर दुसरीच्या पेयांमध्ये सरासरी १५ मायक्रोग्रॅम अंश आढळल्याचे म्हटले होते. युरोपीय निकषाच्या अनुक्रमे ३६ पट आणि ३० पट असे हे आकडे होते. कंपन्यांनी ते अमान्य केले आणि आपली उत्पादने सुरक्षित असल्याचे सांगितले. मोजणारी प्रयोगशाळा आणि तिची पद्धत विश्वासार्ह आहे का, याच मुद्द्यावर पुढील वाद केंद्रित झाला.

हॅलोजनयुक्त प्रदूषके इतकी चिवट का?

क्लोरीन, ब्रोमीन, फ्लोरीन आणि आयोडीन या मूलद्रव्यांना हॅलोजन म्हणतात. कार्बनी संयुगाला क्लोरीनचे वा ब्रोमीनचे अनेक अणू जोडले गेले, की ते संयुग सहजासहजी तुटत नाही. मातीतील जिवाणू, सूर्यप्रकाश आणि पाणी यांना ते दाद देत नाही. पाण्यात ते फारच थोडे विरघळते; चरबीत मात्र चांगले विरघळते. त्यामुळे ते गवतातून गुरांच्या शरीरात, दुधातून माणसाच्या शरीरात आणि मातेच्या दुधातून बाळाच्या शरीरात साठत जाते. डीडीटी, एचसीएच, पीसीबी, डायॉक्सिन आणि ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके ही या कुळातील प्रमुख नावे होत. मॅलेथिऑन हे फॉस्फरसयुक्त कीटकनाशक या कुळातील नव्हे; ते तुलनेने लवकर विघटित होते.

दिल्लीचा या रसायनांशी संबंध जुना आहे. राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रमासाठी डीडीटी पुरवण्याच्या हेतूने हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स लिमिटेड या सरकारी कंपनीची स्थापना १९५४ साली झाली आणि तिचा पहिला कारखाना दिल्लीतच उभा राहिला. पुढे केरळातील उद्योगमंडल आणि महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील रसायनी येथेही तिचे कारखाने निघाले. हिवतापाशी झालेल्या लढ्यात डीडीटीने असंख्य प्राण वाचवले, हे नाकारता येत नाही. मात्र घरांच्या भिंतींवर आणि शेतांवर पडलेले हे रसायन कित्येक वर्षे तिथेच राहते, हेही तितकेच खरे आहे. भारतात शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर १९८९ मध्ये बंदी आली. अनेक घटकांचे मिश्रण असलेल्या तांत्रिक दर्जाच्या एचसीएचवर १९९७ मध्ये बंदी घालण्यात आली. लिंडेनचे उत्पादन मार्च २०११ पासून आणि वापर मार्च २०१३ पासून बंद करण्यात आला.

दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार मे २००१ मध्ये स्वीकारण्यात आला आणि मे २००४ मध्ये अमलात आला. भारताने जानेवारी २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. कराराची अंमलबजावणी करायची तर ही रसायने मोजता येणे ही पहिली अट ठरते.

नलिकेतील वारी

वर्णलेखन हे नाव रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांच्या प्रयोगांतून आले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पाझरवली. तेव्हा रंगांचे वेगवेगळे पट्टे उमटले. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी हेच तत्त्व वायुप्रवाहात वापरले. वायू वर्णलेखनात प्रत्यक्ष रंग दिसत नाहीत. नाव तेवढे टिकून राहिले आहे.

तपासणीचा आरंभ यंत्रात होत नाही. एक लिटर पाण्यात योग्य कार्बनी द्रावक मिसळून ते जोराने हलवले जाते. पाण्यात नाखूश असलेले कीटकनाशकाचे रेणू द्रावकात उतरतात. हे द्रावक वेगळे करून, त्यातील नको असलेले पदार्थ शोषक भुकटीच्या थरातून गाळून काढले जातात आणि उरलेला भाग आटवून एक मिलिलिटरवर आणला जातो. अशा रीतीने लिटरभर पाण्यातील अंश हजारपट दाट होऊन एका लहानशा कुपीत गोळा होतो.

या कुपीतील सुमारे एक मायक्रोलिटर द्रव सुईने यंत्राच्या तप्त मुखात सोडला जातो. त्याची तत्काळ वाफ होते आणि नायट्रोजन किंवा हेलियम वायूचा प्रवाह ती वाफ काचसदृश सिलिकाच्या बारीक नलिकेत ढकलतो. ही नलिका साधारणतः ३० मीटर लांब आणि आतून पाव मिलिमीटर व्यासाची असते. ती वेटोळे करून भट्टीत ठेवलेली असते. नलिकेच्या आतील भिंतीवर सिलिकॉन जातीच्या द्रवाचा अतिशय पातळ थर असतो.

यापुढे जे घडते ते पालखी सोहळ्यातील वाटचालीसारखे आहे. सर्व वारकरी आळंदीहून एकत्र निघाले, तरी कोणी सरळ चालत राहतो, कोणी प्रत्येक मुक्कामी विसावतो, तर कोणी दिवे घाटात मागे पडतो. वाट सर्वांना एकच असते. पोहोचण्याची वेळ मात्र वेगवेगळी असते. त्याचप्रमाणे काही रेणू भिंतीवरील थरात वारंवार विरघळतात आणि रेंगाळतात, तर काही वायूबरोबर पुढे निघून जातात. भट्टीचे तापमान ठरावीक गतीने वाढवत नेले, की जड रेणूही क्रमाक्रमाने मार्गी लागतात. नलिकेच्या टोकाशी पोहोचायला प्रत्येक पदार्थाला लागणाऱ्या वेळेस धारणकाळ म्हणतात. शुद्ध लिंडेनचा धारणकाळ आधी मोजून ठेवलेला असतो. नमुन्यातील एखादे शिखर नेमक्या त्याच वेळी उमटले, तर ते लिंडेन असण्याची शक्यता निर्माण होते. शिखराच्या क्षेत्रफळावरून त्याचे प्रमाण काढले जाते.

इलेक्ट्रॉन टिपणारा शोधक

नलिकेच्या टोकाशी बसवलेला शोधक हा या तपासणीचा दुसरा आधारस्तंभ होय. इलेक्ट्रॉन-ग्राही शोधक ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ च्या सुमारास विकसित केला. आजच्या शोधकांत बहुधा निकेल-६३ या किरणोत्सारी धातूचा पातळ पत्रा असतो. त्यातून सतत बाहेर पडणाऱ्या कणांमुळे वायूत इलेक्ट्रॉनांचा एक स्थिर प्रवाह तयार होतो. क्लोरीन किंवा ब्रोमीन असलेला रेणू तेथे आला, की तो इलेक्ट्रॉन गिळतो, प्रवाह क्षणभर घटतो आणि आलेखावर शिखर उमटते. हॅलोजनरहित साध्या हायड्रोकार्बनांची हा शोधक जवळपास दखलही घेत नाही. म्हणूनच अतिसूक्ष्म हॅलोजनयुक्त अंश शोधण्यास तो अनुरूप ठरला.

पण शोधकाला रेणूचे नाव ठाऊक नसते. इलेक्ट्रॉन कोणीतरी गिळला, एवढेच तो सांगतो. गंधक, नायट्रो संयुगे आणि प्लॅस्टिकमधून पाझरणारी थॅलेट संयुगेही त्याला संकेत देऊ शकतात. एकाच वेळी दोन पदार्थ पोहोचले, तर दोघांचे मिळून एकच शिखर उमटते.

या चुकीचे प्रसिद्ध उदाहरण स्वीडनमधील आहे. १९६० च्या दशकात सोरेन येन्सेन हे रसायनशास्त्रज्ञ वन्य जीवांच्या शरीरातील डीडीटी मोजत असताना त्यांना आलेखावर अनेक अनोळखी शिखरे दिसली. डीडीटीचा वापर सुरू होण्यापूर्वीच्या जुन्या नमुन्यांतही ती आढळल्याने, ती डीडीटीपासून आलेली असणे शक्य नव्हते. अखेर १९६६ मध्ये त्यांनी ती पीसीबी या औद्योगिक रसायनाची असल्याचे दाखवून दिले. त्याआधीच्या अनेक मोजमापांत पीसीबीची काही शिखरे डीडीटीच्या खाती जमा झाली असण्याचा संभव होता.

एकच सूत्र, वेगवेगळी विषारिता

वेगळे करण्यावर एवढा भर का द्यावा लागतो, हे एचसीएचच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा एचसीएच यांचे रासायनिक सूत्र एकच आहे. त्यांत अणूंची संख्या समान असून केवळ अवकाशातील मांडणी भिन्न आहे. त्यातील गॅमा म्हणजे लिंडेन. कीटकनाशक गुणधर्म मुख्यतः त्यात आहे. बीटा प्रकार शरीरात सर्वाधिक काळ टिकतो.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०१२ मध्ये ठरवलेल्या मानकात गॅमा प्रकाराची मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे. अल्फा प्रकाराची मर्यादा अवघी ०.०१ मायक्रोग्रॅम, तर बीटा आणि डेल्टा यांची प्रत्येकी ०.०४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे अल्फा आणि गॅमा यांच्या मर्यादांत दोनशे पटींचा फरक आहे. प्रयोगशाळेने हे दोन प्रकार नीट वेगळे केले नाहीत, तर तेच पाणी एका अहवालात पिण्यायोग्य आणि दुसऱ्यात अयोग्य ठरू शकते. रेणूचे वस्तुमान मोजणारे महागडे यंत्रही येथे एकटे उपयोगी पडत नाही, कारण चारही प्रकारांचे वस्तुमान सारखेच असते. त्यांना वेगळे करण्याचे काम नलिकेलाच करावे लागते.

या विभाजनातून प्रदूषणाचा इतिहासही वाचता येतो. तांत्रिक एचसीएचमध्ये अल्फाचे प्रमाण सर्वाधिक, साधारणतः ६० ते ७० टक्के, असते; लिंडेनमध्ये मात्र ९९ टक्के गॅमाच असते. म्हणून नमुन्यात केवळ गॅमाचेच प्राबल्य असेल, तर स्रोत लिंडेन असावा असा तर्क करता येतो. त्याचप्रमाणे डीडीटीचे कालांतराने डीडीईमध्ये रूपांतर होते. डीडीई अधिक आणि डीडीटी कमी आढळल्यास तो जुन्या वापराचा अवशेष समजला जातो. उलट चित्र दिसल्यास फवारणी अलीकडची असण्याची शक्यता असते.

मात्र येथेही सावधगिरी आवश्यक आहे. यंत्राचे मुख अस्वच्छ असेल, तर तप्त पृष्ठभागावर डीडीटी तुटून डीडीई आणि डीडीडी तयार होतात. म्हणजे नुकतीच झालेली फवारणी यंत्राच्या मळामुळे जुनी भासू शकते. यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतीत दर वेळी शुद्ध डीडीटी सोडून त्याचे विघटन १५ टक्क्यांच्या आत असल्याची खात्री करून घ्यावी लागते.

संसदेपर्यंत पोहोचलेला आलेख

दिल्लीतील अहवालावर मुख्य आक्षेप याच स्वरूपाचा होता. संस्थेच्या प्रयोगशाळेला पुरेशी अधिमान्यता नाही आणि इलेक्ट्रॉन-ग्राही शोधकाने दिलेल्या शिखरांची वस्तुमान वर्णपटमापकाने निश्चिती झालेली नाही, असे कंपन्यांचे म्हणणे होते. केंद्र सरकारने म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि कोलकाता येथील केंद्रीय अन्न प्रयोगशाळा यांच्याकडून स्वतंत्र तपासणी करून घेतली. त्यांत आढळलेले प्रमाण संस्थेच्या आकड्यांपेक्षा कमी होते. परंतु बहुतेक नमुन्यांत ते युरोपीय निकषाहून अधिक होते. बाटल्या वेगळ्या, उत्पादनाच्या तुकड्या वेगळ्या आणि साखर व आम्ल असलेल्या पेयातून अंश काढण्याची कार्यक्षमताही वेगळी, हे लक्षात घेता दोन प्रयोगशाळांचे आकडे तंतोतंत जुळणे अपेक्षित नव्हते.

ऑगस्ट २००३ मध्ये या प्रश्नावर संयुक्त संसदीय समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्षपद शरद पवार यांच्याकडे सोपवण्यात आले. समितीने ४ फेब्रुवारी २००४ रोजी आपला अहवाल संसदेत सादर केला. शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचा संस्थेचा निष्कर्ष समितीने ग्राह्य धरला आणि शीतपेयांसाठी स्वतंत्र मानके ठरवण्याची शिफारस केली.

या प्रकरणाने कायद्यातील एक उणीवही उघडी पाडली. बाटलीबंद पाण्यात कीटकनाशके शोधमर्यादेपेक्षा कमी असावीत, एवढेच पूर्वीच्या नियमांत म्हटले होते. पद्धत जितकी ढोबळ, तितकी तिची शोधमर्यादा वरची. त्यामुळे कमी संवेदनशील पद्धत वापरणाऱ्या प्रयोगशाळेला काहीही न सापडता पाणी नियमांत बसत असे. जुलै २००३ मध्ये नियम बदलण्यात आले आणि १ जानेवारी २००४ पासून बाटलीबंद पाण्यासाठी एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम, तर एकूण ०.०००५ मिलिग्रॅम अशी निश्चित मर्यादा लागू झाली. शब्दाच्या जागी आकडा आला, हा या वादाचा सर्वांत टिकाऊ परिणाम म्हणता येईल.

ऑगस्ट २००६ मध्ये संस्थेने दुसरी तपासणी जाहीर केली. या वेळी १२ राज्यांतील २५ बाटलीभरण कारखान्यांतून आलेल्या ११ ब्रँडचे ५७ नमुने घेण्यात आले होते. सरासरी प्रमाण लिटरमागे ११.८५ मायक्रोग्रॅम, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने अंतिम केलेल्या परंतु तेव्हा अधिसूचित न झालेल्या मर्यादेच्या सुमारे २४ पट असल्याचे सांगण्यात आले. या खेपेस निष्कर्षांची वस्तुमान वर्णपटमापकाने निश्चिती केल्याचेही संस्थेने स्पष्ट केले.

शिखराला नाव देण्याचे दोन मार्ग

आलेखावरील शिखराची ओळख पक्की करण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात तोच नमुना भिन्न गुणधर्माच्या दुसऱ्या नलिकेतून सोडला जातो. पहिल्या नलिकेत योगायोगाने एकत्र आलेले दोन पदार्थ दुसऱ्या नलिकेतही एकत्र येण्याची शक्यता फार कमी असते.

दुसरा मार्ग वस्तुमान वर्णपटमापकाचा. यात बाहेर पडणाऱ्या रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांचे तुकडे मोजले जातात. हॅलोजनयुक्त संयुगांची येथे एक नैसर्गिक खूण सापडते. निसर्गात क्लोरीनचे ३५ आणि ३७ वस्तुमानाचे अणू साधारण तीनास एक, तर ब्रोमीनचे ७९ आणि ८१ वस्तुमानाचे अणू जवळपास सारख्या प्रमाणात असतात. त्यामुळे रेणूत क्लोरीनचे वा ब्रोमीनचे किती अणू आहेत, हे संकेतांच्या नक्षीवरूनच समजते. अशी खूण साखर, आम्ल वा रंग यांच्यापासून चुकूनही मिळत नाही.

पुढील आव्हाने

राजधानी क्षेत्रापुढील प्रश्न केवळ कीटकनाशकांपुरते राहिलेले नाहीत. सीलमपूर आणि लोणी या भागांत जुने संगणक व वायरी मोडून धातू काढण्याचा व्यवसाय अनेक वर्षे चालत आला आहे. प्लॅस्टिकमधील ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके आणि उघड्यावर जाळण्यातून निर्माण होणारी डायॉक्सिने यांची तपासणी अधिक कठीण असते. दहा ब्रोमीन अणू असलेले ज्वालारोधक लांब नलिकेत उष्णतेने तुटते. म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम १५ मीटर किंवा त्याहून आखूड नलिका वापरावी लागते.

डायॉक्सिन आणि फ्युरान यांचे मिळून २१० प्रकार आहेत. त्यांतील १७ विशेष विषारी मानले जातात. सर्वांत विषारी प्रकाराला त्याच्याच वस्तुमानाच्या २१ भावंडांपासून वेगळे करण्यासाठी ६० मीटरची नलिका आणि उच्च क्षमतेचा वर्णपटमापक लागतो. ओखला आणि गाझीपूर येथे कचऱ्यापासून वीज निर्माण करणारे प्रकल्प उभे राहिल्यावर नागरिकांनी याच रसायनांविषयी चिंता व्यक्त केली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा जाळणाऱ्या प्रकल्पांच्या धुरात घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम विषतुल्य अशी डायॉक्सिनची मर्यादा घातली. एवढे सूक्ष्म प्रमाण खात्रीने मोजणे हे साध्या प्रयोगशाळेचे काम नव्हे.

पीसीबीचे २०९ प्रकार आहेत आणि त्या सर्वांना एकाच वेळी वेगळे करील अशी एकही सर्वसाधारण नलिका नाही. नेहमीच्या वापरातील नलिकेत १३८ आणि १६३ क्रमांकाचे प्रकार एकत्रच बाहेर पडतात. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१६ च्या आदेशाने पीसीबी आणि ते असलेल्या उपकरणांचा वापर पूर्णपणे थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही अंतिम मुदत दिली होती. कोणत्या जुन्या रोहित्राच्या तेलात पीसीबी आहे, हे ओळखण्यासाठीही याच पद्धतीचा आधार घ्यावा लागतो.

पाण्याचा तपासणी अहवाल हाती आल्यावर सामान्य नागरिकाने त्यातील आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी पाहणे हिताचे आहे. ‘आढळले नाही’ असे म्हटले असेल, तर शोधमर्यादा किती होती? एचसीएचचे प्रकार स्वतंत्रपणे दिले आहेत का? आणि ओळख दुसऱ्या नलिकेने किंवा वस्तुमान वर्णपटमापकाने पक्की केली आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज पाणी शुद्ध असल्याचा किंवा दूषित असल्याचा कोणताही दावा पूर्ण सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही.